विश्लेषण : कराची ते मुंबई सव्वासात तासांत… जेआरडींच्या त्या उड्डाणाने अंतराचा हिशेब कसा बदलला?

बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळसारख्या गावातून कोणी परदेशी निघाले, की घरातले दोन प्रश्न ठरलेले असतात. किती लांब आहे आणि किती तास लागतात? मोबाइलवर दोन शहरांची नावे टाकली की दोन्ही उत्तरे क्षणात मिळतात. मात्र किलोमीटर आणि तास यांचे गणित दिसते तितके सरळ नाही. भारतात ते पहिल्यांदा गांभीर्याने मांडले जे. आर. डी. टाटा यांनी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन ते एकटे मुंबईला आले आणि भारतीय विमानसेवेचा आरंभ झाला. त्यांचे आयुष्य हीच दोन शहरांमधल्या अंतराची गोष्ट आहे.

जेआरडींना विमानाचे वेड कसे लागले?

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभॉय हे जमशेटजी टाटांचे चुलत नात्यातले आणि व्यवसायातले भागीदार. आई सुझान ब्रिएर या फ्रेंच. लग्नानंतर त्यांचे नाव सूनी झाले. मुलांचे बालपण फ्रान्स आणि मुंबई यांच्यात विभागले गेले. त्या काळी या दोन टोकांमधला प्रवास म्हणजे बोटीवरचे काही आठवडे.

उन्हाळ्याच्या सुटीत हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्दलो या गावी जात असे. तिथेच लुई ब्लेरिओ यांचेही घर होते. २५ जुलै १९०९ रोजी विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारे पहिले वैमानिक ते हेच. किनाऱ्यावर उतरणारी विमाने लहानग्या जहांगीरने जवळून पाहिली. पंधराव्या वर्षी त्याला विमानात बसून छोटी फेरी मारायला मिळाली आणि वैमानिक व्हायचे हे मनात पक्के झाले.

ते प्रत्यक्षात यायला वेळ लागला. १९२३ मध्ये आई गेली. फ्रेंच लष्करातील सक्तीची सेवा संपवून केंब्रिजला शिकायला जायचे त्यांच्या मनात होते, पण वडिलांनी १९२५ मध्ये मुंबईला बोलावून घेतले. टाटांच्या कचेरीत ते बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. महाविद्यालयाची पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. १९२९ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. त्यावर क्रमांक होता १.

आगा खान स्पर्धेत ते का हरले?

इंग्लंड आणि भारत यांच्यातील अंतर एकट्याने विमानाने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगा खान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. कोणत्याही बाजूने निघण्याची मुभा होती. मे १९३० मध्ये जेआरडी कराचीहून निघाले. समोरून, इंग्लंडकडून, अस्पी इंजिनीअर हा सतरा वर्षांचा मुलगा येत होता.

दोघांची गाठ इजिप्तमधील अबुकीर येथे पडली. अस्पी तिथे अडकून पडला होता. त्याच्याकडे विमानाचे जादा स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्याला दिले आणि दोघे आपापल्या दिशेने निघाले. अस्पी कराचीला आधी पोहोचला. जेआरडी लंडनला पोहोचले ते थोडक्या फरकाने उशिरा. बक्षीस अस्पीला मिळाले.

हे अस्पी इंजिनीअर पुढे १९६० मध्ये भारताचे हवाई दलप्रमुख झाले. जेआरडींनी या पराभवाची खंत कधी बाळगली नाही. या प्रवासातून त्यांना एक गोष्ट मात्र समजली होती. लांबच्या हवाई प्रवासात विमानाच्या वेगाइतकेच महत्त्व वाटेत कुठे उतरता येईल, इंधन कुठे मिळेल आणि बिघाड झाला तर सुटा भाग कोण देईल, याला असते.

विमानसेवेची गरज नेमकी काय होती?

मार्च १९२९ मध्ये इंपीरियल एअरवेजने लंडन ते कराची ही सेवा सुरू केली. अनेक थांबे घेत, मधला एक टप्पा रेल्वेने पार करत हा प्रवास सात दिवसांत होई. बोटीच्या तुलनेत ही मोठी झेप होती. मात्र कराचीत पोहोचलेले टपाल पुढे मुंबई आणि मद्रासला रेल्वेनेच जाई. विमानाने वाचवलेला वेळ जमिनीवर खर्ची पडत होता.

ही त्रुटी नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाने हेरली. रॉयल एअर फोर्समधून बाहेर पडून तो भारतभर विमान उडवत फिरला होता. कराची ते मद्रास टपालसेवेची योजना घेऊन तो टाटांकडे आला. जेआरडी लगेच तयार झाले. टाटा समूहाचे तेव्हाचे प्रमुख सर दोराबजी टाटा साशंक होते. जॉन पीटरसन या संचालकांनी त्यांचे मन वळवले. भांडवल ठरले सुमारे दोन लाख रुपये. सरकारने अनुदान द्यायचे नाकारले. शेवटी वाहून नेलेल्या टपालाच्या वजनावर पैसे, एवढ्याच अटीवर १९३२ मध्ये करार झाला. प्रस्ताव मांडून तीन वर्षे गेली होती.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी काय घडले?

सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एक पस मॉथ विमान उडाले. एक इंजिन, ताशी साधारण १६० किलोमीटर वेग, सोबत टपालाच्या सुमारे २५ किलोच्या पिशव्या आणि चालवायला २८ वर्षांचे जेआरडी. रेडिओ नव्हता. खाली दिसणारा किनारा, नद्या आणि रेल्वेचे रूळ पाहून दिशा ठरवायची.

अहमदाबादला उतरून इंधन भरायचे होते. इंधनाचे डबे बैलगाडीतून विमानापर्यंत आणले गेले. तिथून निघून दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूच्या मातीच्या धावपट्टीवर उतरले. पुढचा टप्पा व्हिन्सेंटने उडवला. बळ्ळारीमार्गे टपाल मद्रासला पोहोचले.

हे आकडे आजच्या पद्धतीने मांडले तर हिशेब नेमका जुळतो. कराची ते मुंबई सरळ रेषेत अंतर सुमारे ८७० किलोमीटर. अहमदाबादमार्गे ते हजार किलोमीटरच्या थोडे पुढे जाते. ताशी १६० च्या वेगाने हवेत साधारण साडेसहा तास आणि उरलेला वेळ इंधन भरण्यात. एकूण सव्वासात तास. प्रवासाचा वेळ हा अंतर, वेग आणि थांबे या तिन्हींनी मिळून बनतो, हे यातून दिसते.

मातीच्या धावपट्टीवर सेवा कशी चालली?

आरंभी आठवड्यातून एक फेरी होती. जुहूची धावपट्टी समुद्राला लागून आणि सखल. पावसाळ्यात तिथे पाणी साचे. मग विमाने, सुटे भाग आणि माणसे असा सगळा संसार पुण्याला हलायचा आणि येरवडा कारागृहाजवळच्या मैदानावरून सेवा चालायची.

अशा स्थितीतही वेळ चुकली नाही. पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेचा वक्तशीरपणा शंभर टक्के होता. सुमारे १ लाख ६० हजार मैलांचे उड्डाण, साडेदहा टनांहून अधिक टपाल आणि १५५ प्रवासी असा त्या वर्षाचा ताळेबंद होता. टपालाला वेळेची शिस्त लागली की प्रवासी आपोआप येतात, हा जेआरडींचा हिशेब बरोबर ठरला.

ज्याने ही योजना आणली तो व्हिन्सेंट मात्र तिचे पुढचे दिवस पाहू शकला नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, प्रवासात असताना त्याचे विमान पाडले गेले. जेआरडींनी आपला सर्वात जवळचा सहकारी गमावला.

मुंबई-लंडन प्रवास एका दिवसावर कसा आला?

१९३८ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, रसायने अशी मोठी जबाबदारी अंगावर आली, पण विमानसेवेवरचे लक्ष हलले नाही. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची सार्वजनिक कंपनी होऊन तिला एअर इंडिया हे नाव मिळाले.

८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनकडे निघाले. एअर इंडियाचे युरोपकडे जाणारे हे पहिले उड्डाण. कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे होते. जेआरडी स्वतः विमानात होते. आठ हजार किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास साधारण एका दिवसात झाला. लंडन-कराचीला सात दिवस लागत होते, त्याला तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षे झाली होती.

पुढे जेट विमाने आली. १९६० मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७०७ दाखल झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ मध्ये एअर इंडियाने पंख्याची सगळी विमाने बाजूला केली. फक्त जेट विमाने चालवणारी ती जगातली पहिली कंपनी ठरली. एअर इंडियाचे विमान आले की जिनिव्हात लोक घड्याळे लावून घेत, असा किस्सा आजही सांगितला जातो.

थोडक्यात प्रवासाचा काळ असा घटत गेला :

• १९२९ : लंडन ते कराची, विमान आणि रेल्वे मिळून ७ दिवस
• १९३२ : कराची ते मुंबई, एका थांब्यासह सव्वासात तास
• १९४८ : मुंबई ते लंडन, दोन थांब्यांसह साधारण एक दिवस
• आज : मुंबई ते लंडन, थेट, साधारण साडेनऊ ते साडेदहा तास

जेवढे अंतर जास्त तेवढा वेळ जास्त, हे खरे का?

बहुतेक वेळा खरे, नेहमी नाही. दोन शहरांमधले हवाई अंतर म्हणून जो आकडा दाखवला जातो, तो पृथ्वीच्या गोलावरचा सर्वात जवळचा मार्ग असतो. शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे वळून युरोपवरून जातो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हाच मार्ग कमानीसारखा वाकडा दिसतो. मुंबई-लंडन हे अंतर असे मोजले तर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. मुंबई-न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार.

घरच्या घरी अंदाज काढायचा असेल तर अंतराला ८५० ने भागावे आणि उड्डाण-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवावा. लंडनसाठी उत्तर नऊ तास येते. प्रत्यक्षात जाताना वेळ थोडा जास्त लागतो, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. लंडनहून परत येताना तेच वारे विमानाला पाठीमागून ढकलतात आणि वेळ वाचतो.

या वाऱ्यांचे सर्वात ठळक उदाहरण एअर इंडियाचेच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे नेहमीच्या वाटेपेक्षा लांब. तरीही पाठीवर वारे घेऊन विमान साधारण साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर पोहोचले. अंतर वाढले, वेळ घटला.

तिसरी गोष्ट आकाशातल्या हद्दींची. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. त्यानंतर दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला आणि प्रवासाचे तास वाढले. शहरे जागच्या जागीच होती, वाट लांबली.

जानेफळच्या प्रवाशासाठी हिशेब काय?

मेहकर तालुक्यातील जानेफळ ते मुंबई हे अंतर सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर. रस्त्याने ते बरेच वाढते. मेहकरजवळून जाणारा ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून ही वाट सोपी झाली. तरी मुंबईचे विमानतळ गाठायला साधारण सात-आठ तास धरावे लागतात. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचायचे. मग लंडनपर्यंत दहा तास आणि उतरल्यावर तपासणी व सामानासाठी तास-दीड तास.

बेरीज एकवीस ते साडेबावीस तासांवर जाते. मलबार प्रिन्सेसने १९४८ मध्ये मुंबईहून लंडनला जायला साधारण इतकाच काळ घेतला होता. तिकिटावर छापलेला वेळ हा विमानतळ ते विमानतळ असतो. गावातून निघणाऱ्याने त्याच्या दुप्पट वेळ हाताशी ठेवलेला बरा.

सरकारीकरणानंतर जेआरडींचे काय झाले?

१९५३ मध्ये नेहरू सरकारने सर्व विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींचा या निर्णयाला विरोध होता. सरकारने विश्वासात न घेतल्याचे दुःखही होते. तरीही एअर इंडियाचे अध्यक्षपद सांभाळण्याची विनंती त्यांनी मान्य केली. पुढची २५ वर्षे त्यांनी हे काम वेतनाशिवाय केले. विमानातून जाताना ते वहीत नोंदी करत. पडदे, चहा-कॉफी, स्वच्छतागृह, कर्मचाऱ्यांचे वागणे यांतले काही नजरेतून सुटत नसे. पोहोचल्यावर त्या नोंदी संबंधितांकडे जात.

१ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे एम्परर अशोक हे जंबो जेट मुंबईहून उडाल्यानंतर काही मिनिटांत समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई यांच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. ज्या कंपनीला त्यांनी जन्म दिला, तिथून त्यांना हटवले जात असल्याचे त्यांना सरकारने आधी थेट सांगितलेही नव्हते. १९८० मध्ये इंदिरा गांधी सरकारने त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेतले, अध्यक्षपद मात्र परत मिळाले नाही.

७८ व्या वर्षी पुन्हा तेच उड्डाण का?

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिल्या उड्डाणाला ५० वर्षे झाली. जेआरडींनी तोच प्रवास पुन्हा करायचे ठरवले. पस मॉथ मिळणे शक्य नव्हते, म्हणून त्याच घराण्यातले लेपर्ड मॉथ हे जुने विमान तयार करण्यात आले. १९६२ मध्ये, तीस वर्षे झाली तेव्हाही ते असेच आले होते. या वेळी त्यांचे वय ७८ होते. कराची परदेशात गेले होते आणि मधल्या काळात दोन देशांत युद्धे झाली होती. तरी दोन्ही देशांच्या संमतीने ते कराचीहून एकटे उडाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. नव्या पिढीला पहिल्या दिवसांतली उमेद दिसावी, एवढाच त्यामागे हेतू होता.

१९९१ मध्ये त्यांनी टाटा सन्सची सूत्रे रतन टाटांकडे दिली. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. ज्या पॅरिसमध्ये जन्म झाला, तिथल्याच पेर लाशेज दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली, तेव्हा त्यांना जाऊन २८ वर्षे झाली होती.

आज कराची-मुंबई किती लांब आहे?

नकाशावर अंतर तेवढेच आहे, सुमारे ८७० किलोमीटर. आजचे जेट विमान ते दीड तासात कापू शकते. पण भारतीय विमानसेवेचा जन्म ज्या मार्गावर झाला, त्या मार्गावर आज एकही थेट विमान नाही. ड्रिग रोडचा तो तळ आता पाकिस्तानी हवाई दलाचा फैसल तळ आहे. मुंबईहून कराचीला जायचेच झाले तर दुबईसारख्या आखाती शहराला वळसा घालावा लागतो. मुंबई-दुबई सुमारे १,९०० किलोमीटर आणि दुबई-कराची सुमारे १,२००, म्हणजे ८७० ऐवजी तीन हजारांहून अधिक किलोमीटर. हवेतले पाच तास आणि मधला थांबा धरला तर एकूण वेळ सात तासांच्या पुढे जातो. व्हिसाचा प्रश्न वेगळाच.

एक इंजिन, बैलगाडीतून आलेले इंधन आणि मातीची धावपट्टी यांच्या बळावर जेआरडींना १९३२ मध्ये सव्वासात तास लागले होते. विमानांचा वेग तेव्हापासून पाचपटीने वाढला, तरी या दोन शहरांमधला प्रवास त्याहून लवकर होत नाही.